पुण्याने सायकल का सोडली?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य दर वर्षी कुठे ना कुठे छापून येते. त्याच्या पुढचे वाक्यही बहुधा ठरलेले असते. लोक आळशी झाले, हातात पैसा खुळखुळू लागला, प्रतिष्ठेच्या कल्पना बदलल्या, म्हणून सायकल गेली. निदान एकदा असे चुकले की उपायही चुकतो. मग आपण सायकल दिन साजरे करतो, फेऱ्या काढतो, शपथा घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा गाडीला किक मारून कामावर जातात.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्यामुळे एखाद्या गोष्टीचे कारण 'लोकांचा स्वभाव' असे सांगितले गेले की मला स्वस्थ बसवत नाही. लाखो माणसे एकाच दिशेने वागू लागतात, तेव्हा त्यांच्यासमोर मांडलेले गणितच बदललेले असते. ते गणित नेमके कसे बदलले, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. पुण्यात 'गाडी काढतो' म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मोटार नसते, स्कूटर किंवा मोटारसायकल असते. मोटारीला आपण 'कार' किंवा 'फोर-व्हीलर' म्हणतो. सायकलीला मात्र कोणीच गाडी म्हणत नाही. २०१८ साली शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली आणि ती लोकसंख्येहून जास्त असल्याच्या बातम्या आल्या. त्यांपैकी सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. म्हणजे पुण्यात सायकलीची जागा घेतली ती प्रामुख्याने दुचाकीने. म्हणून या लेखात 'गाडी' हा शब्द पुणेरी अर्थाने वाचावा.

आळसाचा आरोप टिकत नाही

पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा लोणावळ्याच्या रस्त्यावर रविवारी उभे राहून पाहावे. हेल्मेट घातलेले, गिअरच्या सायकलींवरचे स्त्री-पुरुष थव्याने जाताना दिसतात. पन्नास-साठ किलोमीटर सायकल हाणून ही मंडळी नाश्त्याला घरी येतात. त्यांपैकी बहुतेक जण सोमवारी चार-पाच किलोमीटरवरच्या कचेरीत गाडीने जातात. रविवारी साठ किलोमीटर जाणारा माणूस सोमवारी चार किलोमीटरसाठी आळशी होतो, हे पटण्यासारखे नाही. माणूस तोच आहे, पाय तेच आहेत. बदलतो तो रस्ता, वेळ आणि कामाचा प्रकार. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, पोहोचण्याची घाई नसते, घाम येणे हाच हेतू असतो आणि सोबतीला दहा जण असतात. सोमवारी यांतले काहीच नसते.

पैसा आला म्हणून सायकल गेली, हेही अर्धेच खरे आहे. नेदरलँड्स आणि डेन्मार्क हे देश आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहेत, आणि सायकल चालवण्यात जगात पुढे आहेत. उलट आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या सुमारे २० कोटी कामकऱ्यांना, तुम्ही कामाला कसे जाता, असे विचारले गेले. सुमारे २ कोटी ६३ लाख लोकांनी सायकल सांगितली, २ कोटी ५४ लाखांनी दुचाकी, आणि साडेचार कोटींनी पायी. मोटारीने जाणारे जेमतेम ५४ लाख होते. देशभराचा विचार केला तर कामावर जाण्यासाठी सायकल तेव्हाही दुचाकीच्या किंचित पुढे होती. पण हे आकडे सायकलीवरच्या प्रेमाचे आहेत असे समजू नये. त्यांतील पुष्कळांना दुसरा पर्याय नव्हता. पर्याय नाही म्हणून सायकल चालवणारा आणि पर्याय असून सायकल निवडणारा, यांच्यात मोठा फरक आहे. आपला प्रश्न दुसऱ्या माणसाचा आहे.

सायकल सोयीची होती तेव्हा

माझे वडील नारायण पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात. घरापासून कारखाना सहा-सात किलोमीटर. भोंग्याच्या आत पोहोचायचे म्हणजे अर्धा तास आधी निघायचे. पुलावर, संचेतीच्या अलीकडे, शिवाजीनगरच्या पुढे त्यांच्यासारखेच शेकडो जण रांगेने जात असत. ते काही आरोग्याचे भान असलेले लोक नव्हते. त्यांच्यासाठी ते सर्वांत जलद आणि सर्वांत स्वस्त साधन होते. १९५१ साली पुण्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, कॅम्प, खडकी एवढ्यात शाळा, कचेरी, मंडई, नाटक, नातेवाईक सगळे सामावलेले होते. तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने चौकाचौकात होती. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसेल तर किंवा डबलसीट गेले तर पोलीस पकडत. सायकलीवर कर आणि दंड होता, याचा अर्थ व्यवस्था तिला वाहन म्हणून ओळखत होती. आज तिला कोणी पकडतही नाही.

त्या काळच्या रस्त्यावर सायकलीचा वेग आणि बाकीच्यांचा वेग यांत फार अंतर नव्हते. टांगा, बस, सायकल हे सगळे ताशी दहा ते वीस किलोमीटरच्या घरात होते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

लुना, चेतक आणि कायनेटिक होंडा

पुण्याच्या बाबतीत एक योगायोग असा की सायकलीला पर्याय देणारी वाहने याच परिसरात तयार झाली. बजाजचा कारखाना आकुर्डीत, आणि लुना बनवणारी कायनेटिक कंपनीही पुणे-नगर भागातलीच. चेतक आणि लुना या दोन्ही १९७२ साली बाजारात आल्या. लुना ही तर सायकल आणि गाडी यांच्यामधली पायरी होती. तिला पायडल होते. पेट्रोल संपले तर मारत घरी आणता येई. सायकलस्वाराला आपण काही मोठी उडी घेतोय असे वाटू नये, अशीच तिची घडण होती. चेतकसाठी मात्र नंबर लावावा लागे आणि तो लागायला कित्येक वर्षे जात. परवान्यांच्या त्या राज्यात उत्पादनावर मर्यादा होत्या. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत पुणेकर सायकलीवर राहिला, त्यामागे आवड होती तशी टंचाईही होती. १९९१ नंतर नंबर संपले, बँकांचे कर्ज सोपे झाले आणि साठलेली मागणी रस्त्यावर आली.

ऐंशीच्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडाने आणखी एक दार उघडले. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबले की सुरू. साडी नेसून, पर्स आणि पिशवी घेऊन ती चालवता येई. माझी वहिनी शाळेत शिक्षिका होती. सकाळी मुलाला बालवाडीत सोडायचे, मग शाळा, येताना भाजी, सासूबाईंचे औषध, संध्याकाळी शिकवणी. हा सारा फेरा ती आधी थोडा सायकलने, थोडा बसने आणि पुष्कळसा पायी करीत असे. गाडी आल्यावर तिच्या दिवसात मोकळा वेळ आला, अंधार पडल्यावर थांबलेल्या बसची वाट पाहणे संपले. वाहतुकीचे अभ्यासक स्त्रियांच्या प्रवासाला 'साखळी प्रवास' म्हणतात. घर ते कचेरी अशी सरळ रेघ तिथे नसते, मध्ये चार थांबे असतात. पुण्यातल्या दोन पिढ्यांच्या स्त्रियांना गाडीने जे स्वातंत्र्य दिले, ते विचारात न घेता सायकलीच्या नावाने गळा काढणे हे बहुधा पुरुषांचे काम असते.

वाचलेला वेळ कुठे गेला?

इथे एक साधे गणित करून पाहू. माणूस रोजच्या जाण्यायेण्यावर साधारण तासभर खर्च करायला तयार असतो, असे याकोव्ह झहावी आणि पुढे चेझारे मार्केटी या अभ्यासकांनी मांडले. साधने बदलली तरी हा तास फारसा बदलत नाही. सायकलीचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर धरला तर अर्ध्या तासात ६ ते ७ किलोमीटर अंतर कापता येते. दुचाकीला २० ते २५ धरला तर १० ते १२ किलोमीटर. म्हणजे सायकलवाल्याचे शहर घरापासून सहा-सात किलोमीटरच्या वर्तुळात बसते, गाडीवाल्याचे दहा-बारा किलोमीटरच्या. त्रिज्या पावणेदोनपट झाली की क्षेत्रफळ सुमारे तिप्पट होते.

पुणे नेमके तसेच वाढले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठची कुटुंबे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत गेली. पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले. पुढे कोथरूड भरले, मग वारजे, धनकवडी, वडगाव, खराडी. १९९७, २०१७ आणि २०२१ साली गावे महापालिकेत आली आणि हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. लोकसंख्या २०११ मध्येच ३१ लाखांवर होती. शनिवारवाड्यापासून हिंजवडी सतरा-अठरा किलोमीटर आहे. वाटेत महामार्ग ओलांडायचा.

गाडीने वेळ वाचला, तो वेळ अंतरात गेला. आणि अंतर एकदा वाढले की सायकल हा पर्यायच राहत नाही. ज्याने धायरीत घर घेतले आणि ज्याची नोकरी खराडीला आहे, त्याने सायकलीचा प्रश्न घर घेतानाच निकालात काढलेला असतो. जागेचे भाव, नोकरीची अनिश्चिती, बायकोची कचेरी दुसऱ्या टोकाला, मुलाची शाळा तिसऱ्या. हे सगळे जमवताना त्याने अंतर पत्करले.

पण हेही सांगायला हवे की सगळ्यांचे अंतर असे नाही. शाळा, क्लास, मंडई, बँक, जवळची कचेरी असे पुण्यातले पुष्कळसे फेरे आजही पाच किलोमीटरच्या आतले असतात. तिथे सायकल का नाही?

'गाडी काढतोच आहेस, तर…'

घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य अर्थशास्त्राच्या पुस्तकाहून जास्त सांगते. गाडी एकदा दारात आली की तिचा मोठा खर्च होऊन गेलेला असतो. किंमत, विमा, कर हे चालवली तरी तेवढेच, नाही चालवली तरी तेवढेच. उरतो तो पेट्रोलचा खर्च, किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास. चार किलोमीटरला आठ-दहा रुपये. मागे कोणी बसले तर त्याचे भाडे फुकट. दोघांचे बसभाडे त्याहून जास्त होते आणि बसची वाट पाहावी लागते ती वेगळीच. म्हणून सायकल की गाडी हा निर्णय रोज सकाळी होत नाही. तो गाडी विकत घेतली त्या दिवशी होऊन गेलेला असतो.

त्यात गाडी उभी करायला पैसे पडत नाहीत. रस्त्याच्या कडेची जागा ही शहरातली सर्वांत महागडी जमीन, आणि आपण ती फुकट वाटतो. २०१८ साली महापालिकेच्या सभेने पार्किंगचे धोरण मंजूर केले. विरोध झाला आणि ते मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित करण्याचे ठरले. त्याच्या तीन महिने आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, सायकल आराखडाही मंजूर झाला होता. एका हाताने सायकलीला बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने गाडीला फुकट जागा द्यायची, यातून काय निघणार होते ते सांगायला आकडेवारी लागत नाही.

आता वेग पाहा. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या अहवालानुसार पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे लागतात. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. सायकलीचे १५ धरले तर चार किलोमीटरसाठी एकाला १३ मिनिटे, दुसऱ्याला १६. फरक तीन मिनिटांचा. गाडी लावायला जागा शोधण्यातच तेवढा वेळ जातो. मग वेळ हे कारण उरत नाही. उरते भीती.

भीतीचे गणित

वडिलांच्या वेळी सायकल आणि बाकीची वाहने यांच्या वेगांत फार फरक नव्हता, असे वर म्हटले. आज सरासरी १८ असली तरी ती थांबण्या-धावण्याची सरासरी आहे. सिग्नल सुटला की गाड्या चाळीस-पन्नासने जातात. उड्डाणपुलाच्या चढावर सायकलस्वार ताशी आठ-दहाने दम खात चढत असतो आणि बाजूने पीएमपीची बस त्याच्या कोपराला घासून जाते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ६० चा वेग म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट आघात. म्हणूनच पायी चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी जिथे एकत्र येतात तिथे वेग ३० च्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गाडीवाला सुरक्षित आहे असेही नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी. (दुचाकी संख्येनेच जास्त आहेत, तेव्हा या टक्केवारीवरून सायकलीशी थेट तुलना करता येत नाही.) पण गाडीवर बसलेल्या माणसाला निदान गर्दीच्या वेगाने पळता येते. सायकलस्वार सगळ्यांच्या वाटेत असतो आणि हॉर्न ऐकत असतो.

याला एक दुष्टचक्र जोडलेले आहे. रस्त्यावर सायकली पुष्कळ असतात तेव्हा बाकीचे चालक त्यांची अपेक्षा ठेवतात आणि प्रत्येक सायकलस्वार अधिक सुरक्षित असतो. शंभरांतले दहा जण सायकल सोडतात, तेव्हा उरलेल्या नव्वदांचा धोका थोडा वाढतो. त्यातून आणखी दहा सोडतात. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. एकत्रित परिणाम मात्र कोणालाच नको असतो. एकमार्गी रस्त्यांनी यात भर घातली. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता या जोडीत एकाने जायचे, दुसऱ्याने यायचे. गाडीला तो वळसा दोन मिनिटांचा, पाय मारणाऱ्याला तो जाणवतो. मग तो उलट्या बाजूने येतो आणि बेशिस्त ठरतो.

मार्ग तुटला की साखळी तुटते

सायकलमार्ग झाले नाहीत असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये सातारा रस्ता आणि हडपसरकडच्या बीआरटीबरोबर सायकलमार्गही आले. पुढे इतरत्रही आले. पण ते कुठे पदपथावर चढतात, कुठे बसथांब्याच्या मागे जातात, मध्येच विजेची पेटी, मग चहाची टपरी, मग लावलेल्या गाड्या, आणि जिथे खरी गरज, त्या चौकात ते संपतात. सायकलीचा प्रवास सर्वांत सुरक्षित तुकड्यावर ठरत नाही, सर्वांत धोकादायक चौकावर ठरतो. २०१८ साली ओफो, मोबाइक, युलू, पेडल अशा भाड्याच्या सायकली शहरभर रंगीबेरंगी उभ्या राहिल्या. लोकांनी हौसेने चालवल्याही. दोनेक वर्षांत त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. सायकल नव्हती ही अडचणच नव्हती.

नेदरलँड्सचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकल घसरली. १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ पालकांनी उभी केली. १९७३ चे तेलसंकट त्याच सुमाराचे. सरकारने सत्तरच्या दशकात हेग आणि टिलबुर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला. सायकली त्या रस्त्यावर आल्या, पण बऱ्याचशा शेजारच्या रस्त्यांवरून सरकून आल्या, एकूण संख्या फारशी वाढली नाही. नंतर डेल्फ्ट शहरात एकच मार्ग न बांधता संपूर्ण शहराचे जाळे जोडले गेले, तेव्हा सायकलीचा वापर वाढला. स्पेनमधील सेव्हिलने २००६ नंतरच्या काही वर्षांत असेच अखंड जाळे घातले, आणि सायकल जवळजवळ विसरलेल्या त्या शहरात ती कितीतरी पटींनी वाढली. तिथे आपल्यासारखाच उन्हाळा असतो.

विजेच्या गाड्या आल्या म्हणून हा प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. चेतकही २०२० साली विजेवर परत आली. धूर कमी होईल हे खरे. पण विजेच्या गाडीचा किलोमीटरचा खर्च पेट्रोलहून कमी आहे, म्हणजे 'गाडी काढतोच आहेस, तर' हे वाक्य अधिकच स्वस्त होणार. जागा ती तेवढीच अडवते आणि चौकात तेवढ्याच वेगाने येते.

कोणाला विचारायचे?

सायकल धोरण यशस्वी झाले का, हे मोजायला किती किलोमीटर मार्ग रंगवला हा आकडा उपयोगाचा नाही. माझ्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे. बारा वर्षांच्या मुलीला दोन किलोमीटरवरच्या शाळेत एकटीला सायकलने पाठवाल का? आज बहुतेक आईबाप नाही म्हणतात आणि त्यांचे बरोबर आहे. मग आई तिला गाडीवर सोडायला जाते, शाळेसमोर पन्नास गाड्या जमतात आणि त्या गर्दीमुळे पलीकडच्या गल्लीतली आईही नाही म्हणते. ही मुलगी सोळा-सतराची झाली की गाडी मागते, आणि तिला ती मिळते.

हा प्रश्न शहरभर एकदम सोडवावा लागत नाही. प्रत्येक शाळेभोवती दोन किलोमीटरचे वर्तुळ काढावे. त्यातल्या गल्ल्यांत वेग तीसच्या आत, चौकात सायकलीला आधी सुटणारा सिग्नल, आणि शाळेच्या वेळी कडेला गाड्या लावायला बंदी. अशी वर्तुळे एकमेकांना भिडली की जाळे होते. आज सायकल चालवणारे सुतार, रखवालदार, पेपर टाकणारी पोरे यांनाही त्याच रस्त्यांवरून जायचे असते, आणि त्यांनी कधी शपथ घेतलेली नाही. खर्च उड्डाणपुलाहून कमीच येईल. अडचण पैशाची नाही. कडेला फुकट गाडी लावणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची आहे, आणि तो माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात राहतो.